पाकिटावरचं चित्र

हे सिगारेटचं पाकीट बघा. तळहातात मावेल एवढं, आणि त्याचा 85 टक्के भाग पुढून-मागून आजाराच्या चित्राने अन् इशाऱ्याने भरलेला. एवढ्याशा जागेसाठी आपल्याकडे तीनेक वर्षं भांडण चाललं.

ऑक्टोबर 2014 ला आरोग्य खात्याने नोटिफिकेशन काढलं. तोवर इशारा फक्त पुढच्या बाजूला, तोही 40 टक्के, तो 1 एप्रिल 2015 पासून दोन्ही बाजूंना 85 टक्के होणार होता. ऐन तोंडावर संसदेची एक समिती म्हणाली थांबा, आधी अभ्यास होऊ द्या. समितीचे अध्यक्ष नगरचे खासदार दिलीप गांधी, त्यांचं म्हणणं असं की तंबाखूने कॅन्सर होतो हे सांगणारा भारतातला सर्व्हेच नाही, सगळे अभ्यास परदेशातले. आणि त्याच समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता, ज्यांचा घरचा बिडीचा धंदा! अहो, तंबाखूच्या धोरणात तंबाखूवाल्यांचा हात नको असं डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, तंबाखू नियंत्रण करारातलं कलम 5.3 सांगतं, आणि तो करार भारताने 2004 लाच मान्य केलेला.

बरं, भारतातला अभ्यास नाही कसा? मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची माणसं 1960 च्या दशकापासून खेड्यापाड्यात घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासत होती. 2008 ला तर 11 लाख घरांचा अभ्यास छापून आला, त्यात लिहिलं होतं की बिडी-सिगारेटमुळे देशात वर्षाला 10 लाखांच्या आसपास माणसं जाणार.

आणि सुनीता तोमर. मध्य प्रदेशातल्या भिंडची, वय 28, तंबाखू खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेली, उपचार परळच्या टाटा हॉस्पिटलात. सरकारच्या जाहिरातीत टीव्हीवर दिसायची तीच. खासदारांचं ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं, तिने थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. 1 एप्रिल 2015 ला, ज्या दिवशी चित्रं मोठी व्हायची होती त्याच दिवशी, ती गेली. चित्रं काही बदलली नाहीत, अजून एक अख्खं वर्ष गेलं.

एप्रिल 2016 ला नियम लागू झाला तर मोठ्या कंपन्यांनी कारखानेच बंद ठेवले, रोज 350 कोटींचं नुकसान होतंय म्हणाले. कोर्टकचेऱ्या झाल्या, कर्नाटक हायकोर्टाने डिसेंबर 2017 ला नियम रद्दसुद्धा केला, पण पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्याला स्टे दिला, म्हणून हे चित्र आज इथे आहे.

आता टपरीपाशी जरा उभं राहू. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे. कॉलेजची सॅक पाठीला लावलेला एक मुलगा येतो, न बोलता पैसे पुढे करतो, टपरीवाला खालच्या खालीच पाकिटातून एक काढून देतो आणि पाकीट परत फळीखाली सरकवतो. मुलगा लायटरकडे वळतो.