बारा वर्षांनी मातीला

(दृश्य: रोमान्यची दफनभूमी, सकाळ)

फ्रान्समधलं रोमान्य. म्यूज-आर्गोनची अमेरिकी दफनभूमी. 14,246 कबरी. इथले बहुतेक जण पहिल्या महायुद्धात, 1918 च्या अखेरच्या मोहिमेत पडले. एक क्रूस जवळून बघा. नाव, हुद्दा, रेजिमेंट, राज्य, मृत्यूची तारीख. जन्मतारीख नाही. ती आईला ठाऊक.

युद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सरकारने घरोघरी विचारलं होतं: देह परत आणायचा, की तिथेच ठेवायचा? सुमारे तीस हजार जवान युरोपातच राहिले. आपल्याकडे माणूस गेला की सगळं गाव मातीला येतं. या जवानांच्या आयांसाठी आणि पत्नींसाठी ती माती समुद्रापलीकडे होती.

(दृश्य: खिडकीतला ध्वज, सोनेरी तारा)

मुलगा लढाईवर असला की घराच्या खिडकीत निळा तारा. तो गेला, की त्यावर सोनेरी. याच आयांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि मार्च 1929 मध्ये कायदा झाला. आईला आणि पुनर्विवाह न केलेल्या पत्नीला सरकारी खर्चाने कबरीपर्यंत नेणार. वडील त्यात नव्हते.

(दृश्य: बंदर, बोट, बिल्ले)

काम लष्कराच्या पुरवठा खात्याकडे आलं. ज्यांनी युद्धात रसद पोचवली, ते आता साठीच्या बायकांना पोचवणार होते. आधी कोण जाणार, यासाठी राज्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या पत्नीने उचलल्या. पहिलं नाव निघालं नेब्रास्का. रेल्वेचं तिकीट, पासपोर्ट, हॉटेल, सोबत डॉक्टर आणि नर्स. प्रत्येकीच्या छातीवर नावाचा बिल्ला. कित्येकींनी त्याआधी समुद्र पाहिलाही नव्हता. मे 1930 मध्ये ‘अमेरिका’ नावाची बोट न्यूयॉर्कच्या बंदरातून दोनशेंहून जास्त बायकांना घेऊन सुटली.

(दृश्य: जुना फोटो, कृष्णवर्णीय माता)

या बायका मात्र त्या बोटीवर नव्हत्या. त्यांच्या तुकड्या वेगळ्या काढल्या. न्यूयॉर्कमध्ये मुक्काम मोठ्या हॉटेलात नाही, हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. बोटीही साध्या व्यापारी. त्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज केला: आमची मुलं याच देशासाठी गेली. निर्णय बदलला नाही. काहीजणींनी जायचंच नाकारलं. बारा वर्षं ज्या कबरीची वाट पाहिली, ती त्यांनी या अपमानापायी सोडली. हे चेहरे नीट बघून ठेवा.

(दृश्य: पुन्हा रोमान्य, कॅमेरा रांगेतून सावकाश)

इथे कबरीचा पत्ता म्हणजे विभाग, रांग, क्रमांक. वंश बघून वेगळी रांग नाही. अधिकारी पत्ता वाचून आईला क्रुसापर्यंत न्यायचा. बसायला घडीची खुर्ची ठेवायचा, हातात पुष्पचक्र द्यायचा, आणि मागे सरायचा.

(दहा सेकंद निवेदन नाही. फक्त वारा.)

1933 मध्ये योजना संपली. चार उन्हाळ्यांत साडेसहा हजारांहून जास्त बायका जाऊन आल्या.

(दृश्य: फोटो. क्रूस, पुष्पचक्र, शेजारी टोपी घातलेली आई)

कबरीपाशी प्रत्येकीचा असा एक फोटो काढला जायचा. मायलेकांचा.