उंदराकडे पीएसए नसतं

नमस्कार श्रोतेहो. प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीच्या तपासणीत रक्तातलं पीएसए हे प्रथिन मोजतात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. हेच पीएसए उंदराच्या रक्तात शोधायला गेलात, तर हाती काही लागणार नाही. ते बनवणारं केएलके-३ हे जनुकच उंदराकडे नाही. माणूस, मोठे वानर आणि आफ्रिका-आशियातली माकडं, एवढ्यांकडेच ते असतं. कुत्र्याचं प्रोस्टेटही म्हातारपणी वाढतं, पण त्याच्याकडेही हे जनुक नाही. त्याच्या प्रोस्टेटमधून त्याच घराण्यातलं दुसरं प्रथिन पाझरतं. पशुवैद्य प्रोस्टेटची वाढ ओळखायला ते मोजतात. कॅन्सर ओळखायला मात्र त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही.

म्हणून माणसाच्या एखाद्या प्रथिनाचा प्राण्यातला जोडीदार शोधताना नुसत्या साम्यावर विसंबू नये, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. संगणक अमिनो आम्लांचा क्रम जुळवून सगळ्यात जवळचं प्रथिन दाखवतो. ते प्रथिन घेऊन माणसाच्या बाजूनं उलटा शोध घ्यावा. ज्या प्रथिनापासून सुरुवात केली तेच परत आलं, तर आशा. मग गुणसूत्रावर आजूबाजूची जनुकंही तीच आहेत का, ते पाहावं. एवढं जुळलं तरी माणसाच्या प्रथिनासाठी घडवलेली प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक प्रथिनाला नेमकी चिकटणारी प्रथिनं, प्राण्याच्या प्रथिनाला चिकटतीलच असं नाही. लिम्फोमा या रक्तपेशींच्या कॅन्सरवरचं रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड-औषध माणसाच्या पेशींवरच्या सीडी-२० या प्रथिनाला धरतं, कुत्र्याच्या सीडी-२० ला धरत नाही.

कधी वाट उलटीही असते. यकृताचा कॅन्सर ओळखायला रक्तात मोजलं जाणारं अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन १९६३ साली मॉस्कोत गारी आबेलेव्ह यांच्या गटाला आधी उंदरांत सापडलं, माणसात नंतर.

आता मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण. माणसाच्या बीआरएएफ प्रथिनात ६०० व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल आलं, की पेशीला वाढीचा इशारा थांबतच नाही. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये हा बदल वारंवार दिसतो. कुत्र्यात हीच जागा ५९५ वी. क्रमांक निराळा, बदल तोच! कुत्र्यांच्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये तो बहुतेकदा असतो, आणि लघवीत आलेल्या पेशींतून पकडता येतो. माणसाच्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये तो विरळाच, त्यामुळे कुत्र्याची ही चाचणी जशीच्या तशी माणसाला लावून चालत नाही.