बॅटरी बदलण्याआधी ‘बॉडी अर्थ’ तपासा

(दृश्य : मिरकरवाडा बंदर, सकाळ. माशांच्या पेट्या उतरताना.)

रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. होड्या धक्क्याला लागल्या की मासळी टेम्पोत चढते, रिक्षांत चढते, आणि कधी कधी अशा जुन्या मारुती 800च्या मागच्या सीटवरसुद्धा. पेट्यांतला बर्फ वितळतो आणि ते खारट पाणी पत्र्याच्या सांध्यासांध्यांत उतरतं. त्यात समुद्राची हवा, आणि वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस. पत्र्याचा गंज सगळ्यांना दिसतो. आतलं तांबंही तेवढंच झिजत असतं, पण ते वायरच्या काळ्या आवरणाखाली झाकलेलं असतं.

(दृश्य : गॅरेज. बॉनेट उघडं. सेल्फचा आवाज.)

कट्… कट्… कट्. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटार, फिरत नाही. बॅटरी मात्र नवी आहे, तिच्यावरचं लेबलही अजून चकचकीत आहे. मीटर लावला तर 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज.

आता क्लचच्या केबलला हात लावून बघा. गरम आहे. इंजिन सुरूच झालेलं नाही, मग केबल तापली कशाने?

कारमध्ये बहुतेक दिव्यांना, मोटारींना बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून एक वायर येते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा आणि इंजिन. त्यालाच वायरमन ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत 1960च्या दशकापर्यंत हे उलटं असायचं. पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. आता निगेटिव्ह जोडतात. बॅटरीच्या निगेटिव्हवरून जाड वायर गिअरबॉक्सला किंवा इंजिनला जाते आणि बॉडीलाही जोड असतो. सेल्फ मारला की या वाटेने शंभराहून जास्त अँपिअर धावतात. ती वाट अडली की करंट दुसरी शोधतो. ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, इंजिनला आणि बॉडीला जोडणारं जे लोखंड सापडेल ते. म्हणून ही केबल गरम.

(दृश्य : मीटर जवळून.)

वायरमन इथे जे करतो, ते नीट बघा. मीटरचा ‘बीप’, म्हणजे वायर सलग आहे का ते सांगणारा आवाज, लावून वायर तपासली तर ती चांगलीच निघेल. आतल्या कितीतरी बारीक तारांपैकी एक जरी शिल्लक असली तरी मीटर बीप देतो. त्या बीपवर विसंबून किती चांगल्या बॅटऱ्या, किती सेल्फ मोटारी बदलल्या जातात! खरी तपासणी भार असताना, म्हणजे करंट वाहत असताना होते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर.

“दादा, सेल्फ मारा.”

1.8 व्होल्ट वाटेतच हरवले. इथे 0.2 च्या आसपास दिसायला हवं होतं. 120 अँपिअर धरले तर या एवढ्याशा जोडात 200 वॅटहून जास्त वीज नुसती उष्णता होऊन वाया जाते आहे. आणि त्यासाठी अडथळा किती पुरला? 0.015 ओहम. साध्या मीटरच्या ओहमच्या काट्यावर तो धड दिसतही नाही.

(दृश्य : थिंबल, नंतर आवरण चिरताना.)

खोलताना पहिली निगेटिव्ह सुटते, जोडताना ती शेवटी लागते. पान्हा पॉझिटिव्हवर असताना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, म्हणून हा क्रम.

हे थिंबल, वायरच्या टोकाला बसवलेलं धातूचं कडं. हिरवं झालंय. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, तसंच हे आहे. तांब्याच्या थिंबलवरची रुपेरी झिलईही कथिलाचीच असते. ती गेली, खारं पाणी पोचलं, की तांबं आणि खालचं लोखंड मिळून छोटीशी बॅटरी बनते. त्यात आधी लोखंड खाल्लं जातं. थिंबलखालचा हा लालसर भुगा त्याचाच.

आता ब्लेड. आवरण चिरलं. तारा काळ्या. आणखी दोन बोटं मागे, अजून काळ्या. बारीक तारांच्या फटींतून पाणी आवरणाखाली आतपर्यंत ओढलं जातं. अशा काळ्या तारेवर सोल्डरचा डाग धरत नाही, नवं थिंबल दाबलं तरी जोड टिकत नाही. वर नवा टर्मिनल लावून गाडी परत देणं सोपं आहे, पण हा वायरमन पूर्ण वायर टाकून देतो. त्याचं हे बरोबरच आहे.

नवी वायर जुनीएवढी किंवा तिच्यापेक्षा जाड. थिंबल पक्कडीने ठोकलेलं नाही, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबलेलं. त्यावर आतून गोंद असलेली नळी, गरम करून आवळलेली. पाण्याची वाट बंद होते ती इथे. बॉडीवर जिथे बोल्ट बसतो तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा पांढरा केला आहे. रंगावर थिंबल आवळलं तर काहीच उपयोग नाही. बोल्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली.

(दृश्य : सेल्फ. इंजिन सुरू.)

0.15 व्होल्ट.

अर्थ खराब असला की हेडलाइट मंद होतात. व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर हॅलोजनचा उजेड तीसेक टक्के कमी होतो, आणि घाटात रात्री तेवढा फरक अपघाताला पुरेसा असतो.

मागच्या दिव्यांचा अर्थ डिकीत, पत्र्यावर एका स्क्रूने धरलेला आहे. इंडिकेटर दिला की ब्रेकलाइटही लुकलुकत होती, म्हणून तोही खोलला. तिथली वायर शाबूत निघाली. पत्रा घासला, स्क्रू बदलला, जेली लावली. आज एवढंच काम होतं.