नगरपालिकेनं बंबघरासाठी कर्ज काढावं का?

[दृश्य: कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा. पाण्यात उभी मोजपट्टी.]

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, 'राजाराम किती फुटांवर?' पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. शाळकरी पोरांनाही हे दोन आकडे पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बुडाला आणि दिवसेंदिवस बंद राहिला. कोल्हापुरात पेट्रोलच्या रांगा लागल्या. '२००५ सारखा पूर पुन्हा येत नसतो' असं म्हणणारे तेव्हा गप्प झाले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, तीच गत झाली. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो की नाही, हा वाद आपल्याकडे चहाच्या गाड्यापासून मंत्रालयापर्यंत चालतो. तो आज बाजूला ठेवू.

आजचा विषय छोटा आहे, निदान कागदावर तरी. एक नगरपालिका. 'क' वर्ग, म्हणजे वस्ती चाळीस हजारांच्या आत. बाजूला नदी, भोवती ऊस, मधोमध बाजारपेठ. गावाचं नाव आम्ही मुद्दाम घेत नाही, कारण हा विषय आज ना उद्या जिल्ह्यातल्या कुठल्याही नगरपालिकेच्या अजेंड्यावर येऊ शकतो. अग्निशमन केंद्र, बोटी आणि बचावसाहित्याचं गोदाम, पूर आला की चालणारा नियंत्रण कक्ष, हे सगळं एका इमारतीत. पैसे नाहीत, तेव्हा कर्ज काढायचं. काढावं का?

[दृश्य: रात्री पेटलेला ऊस. लांबून सायरनचा आवाज.]

आधी सध्या काय होतं ते बघू. लहान गावात आग लागली की लोक १०१ किंवा ११२ लावतात, आणि त्याच वेळी कुणीतरी जवळच्या साखर कारखान्यात ओळखीच्या माणसाला फोन करतो. ग्रामीण भागात कारखान्याचा बंब हाच अनेकदा पहिला बंब असतो. पण गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात बगॅसचे, म्हणजे उसाच्या वाळक्या चोथ्याचे, डोंगर उभे असतात, तेव्हा आपला बंब बाहेर पाठवताना कारखानाही दहादा विचार करणार. राहिला शहराचा बंब. तो येतो, नाही असं नाही. पण कोल्हापूरहून शिरोळ तालुक्याच्या टोकाला यायचं म्हणजे वाट मोकळी असली तरी तासाभराची गोष्ट.

आणि जवळ बंब असणं म्हणजे सगळं वाचणं, असंही नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात भर शहरात केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेली वास्तू, महापालिकेचं स्वतःचं अग्निशमन दल असलेल्या शहरात, बघता बघता जळाली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जुनी लाकडी वास्तू एकदा पेटली की काही मिनिटांचाच खेळ असतो. शहराची ही गत, तर जिथे बंबच तासाने येणार तिथे काय वाचायचं?

पुराचं गणित आणखी निराळं. शिरोळ तालुक्यात जयसिंगपूर, शिरोळ आणि कुरुंदवाड, अशा तीन नगरपालिका एकमेकींच्या जवळ आहेत. साहजिकच कुणीही म्हणेल, तिघींनी मिळून एकच केंद्र बांधा, खर्च वाटून घ्या. एरवी हे शहाणपणाचं आहे. पण शिरोळकडून कुरुंदवाडला जायचं तर पंचगंगेवरचा पूल ओलांडावा लागतो. पाणी चढलं की नृसिंहवाडीत दक्षिणद्वार सोहळा होतो. दत्त मंदिरात उत्तरेकडून शिरलेलं पाणी पादुकांवरून दक्षिणेकडे बाहेर पडतं आणि भाविक त्यात स्नान करतात. पाणी त्याहून वर गेलं की हीच नदी गावं एकमेकांपासून तोडते. ज्या दिवशी सामाईक बंब आणि बोट लागणार, नेमक्या त्याच दिवशी ती नदीच्या पलीकडे अडकणार. म्हणून वाटून घ्यायचंच असेल, तर आगीसाठी वाटून घ्या. बोटी मात्र ज्याच्या त्याच्या गावात हव्यात.

बोट म्हटलं की शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ आठवतं. ८ ऑगस्ट २०१९ ला तिथे पुरातून सुटायला निघालेल्या गावकऱ्यांची बोट उलटली. माणसं जास्त, लाइफ जॅकेट नाहीत. बोट होती. बोटीभोवती जी व्यवस्था लागते, ती नव्हती.

[दृश्य: नगरपालिकेचं सभागृह. रिकाम्या खुर्च्या, टेबलावर फायली.]

आता पैसा. अग्निशमन हे नगरपालिकांचं काम, हे ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतच लिहिलंय. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदाही आहे. काम कायद्याने दिलं, पैसा मात्र लहान नगरपालिकेच्या तिजोरीत तेवढा येत नाही. तिजोरी चालते ती घरफाळा, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि सरकारी अनुदानांवर. आणि हो, घरफाळ्याचं बिल जरा निरखून बघा. बऱ्याच नगरपालिकांच्या बिलात अग्निशमन कराचा वेगळा रकाना असतो. तुमच्या गावात तो असेल, तर त्या रकान्यात दरवर्षी किती जमा होतं आणि ते कुठे जातं, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कर्जाची चर्चा खरं तर तिथून सुरू व्हायला हवी.

केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटींची योजना काढली. त्यात राज्यांनी आपला वाटा घालायचा असतो. पण ही मदत राज्यांच्या वाटेने येते, आणि रांगेत लहान गाव मागे असतं. म्हणून कर्ज. तेही मनात आलं म्हणून काढता येत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि हप्ता कुठून भरणार हे दाखवावं लागतं.

समजा, इमारत, दोन गाड्या आणि साहित्य मिळून ६ कोटींचं कर्ज काढलं. मुदत १५ वर्षं, व्याज ९ टक्के. वर्षाचा हप्ता साधारण ७४ लाख. पंधरा वर्षांत परत जाणार अकरा कोटींच्या वर. गावात ८,००० मिळकती धरल्या तर एका मिळकतीमागे वर्षाला सुमारे ९३० रुपये, महिन्याला ७८. गळीत संपल्यावर सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं करणाऱ्या आपल्या भागाला कर्ज या शब्दाची भीती नाही, आणि महिन्याला ७८ रुपये ऐकल्यावर सभेत भराभर हात वर होतील.

पण थांबा.

[दृश्य: अग्निशमन केंद्रातला पाळीचा फळा. काही रकाने कोरे.]

एका गाडीवर एका पाळीला पाच-सहा माणसं तरी हवीत. चालक, पंप चालवणारा, पाइप धरणारे, आत शिरणारे. तीन पाळ्या, वर साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण. वीसेक माणसं झाली. आणि हे फक्त एका गाडीचं. प्रत्येकी महिन्याला ३५,००० रुपये धरले तर वर्षाचे ८४ लाख. म्हणजे कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त. हप्ता पंधरा वर्षांनी संपतो. पगार संपत नाही, उलट वाढतच जातो. दोन्ही मिळून मिळकतीमागे वर्षाला दोन हजारांच्या घरात जातं. ठरावात ९३० चा आकडा येतो, दोन हजारांचा येत नाही. कर्ज देणारी संस्था भिंतींना पैसे देते, पगाराला नाही. पदं मंजूर व्हायची तर सरकारचा आकृतिबंध (कुठे किती पदं, याचा ठरलेला आराखडा) आणि आस्थापना खर्चाची, म्हणजे पगारावरच्या खर्चाची, मर्यादा आड येते.

मग काय होतं, हे आपण दुसऱ्या विषयांत पुष्कळ पाहिलंय. इमारत उभी राहते, फीत कापली जाते, गाडी शेडमध्ये येते. चालक कंत्राटी, तोही पाण्याच्या टँकरवर. सहा महिन्यांत गाडीची बॅटरी उतरते. पुढे शेडमध्ये गणपती मंडळाचं साहित्य येतं.

याचा अर्थ इमारत नको, असं आम्ही म्हणत नाही. बोट, दोर, जॅकेट, जनरेटर, वायरलेस हे पत्र्याखाली टिकत नाही. पुरात गावाचं बेट झालं की पुण्याहून एनडीआरएफ पोहोचेपर्यंतचे तास गावानेच काढायचे असतात. आजवर ते तालमींच्या पोरांनी काढले, व्हाइट आर्मीसारख्या स्वयंसेवकांनी काढले, आणि गुळाच्या काहिली, म्हणजे मोठ्या कढया, बोटीसारख्या घेऊन उतरलेल्या लोकांनी काढले. या लोकांना प्रशिक्षण, विमा आणि हाताशी नीट ठेवलेलं साहित्य मिळालं, तर ही इमारत कामाची.

फक्त ती कुठे बांधणार, हेही आधी बघा. जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. पण नगरपालिकेच्या मालकीची मोकळी जागा म्हणजे बहुधा सखल जागा. उंचावरचं सगळं केव्हाच विकलं गेलेलं असतं. २०१९ चं पाणी जिथे होतं तिथे बचाव केंद्र बांधलं, तर पुढच्या पुरात आधी त्यालाच वाचवावं लागेल. लाल रेषेच्या बाहेर जागा घ्यायची तर ती विकत घ्यावी लागेल आणि ६ कोटींचे ८ होतील. होऊ देत. या कर्जातला तो सगळ्यात शहाणपणाचा खर्च असेल.

[दृश्य: नगरपालिकेची पायरी. लोक आत जाताना.]

आमचं मत विचाराल तर, कर्ज काढा, पण दोन टप्प्यांत. आधी लाल रेषेबाहेरची जागा, गोदाम, बोटी आणि एक गाडी, तीही निम्म्या रकमेत. पदं मंजूर होऊन माणसं रुजू झाली, की उरलेली इमारत. ठेकेदाराला हे आवडणार नाही, फीत दोनदा कापावी लागेल. आणि सभेत ठराव मांडला गेला की नगरसेवकांनी मुख्याधिकाऱ्यांना एवढं विचारावं: रात्री दोनला फोन वाजला तर गाडीवर कोण बसणार, आणि त्यांचा पगार अंदाजपत्रकाच्या कुठल्या पानावर आहे? ते पान दाखवता आलं नाही, तर विषय पुढच्या सभेवर ढकलायला हरकत नाही. मात्र ती सभा जूनच्या आधी घ्या.