फुग्यातला आरसा

भट्टीत ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता आहे. पोलादी फुंकनळी आत बुडवून फिरवली की वितळलेली काच तिच्या टोकाला पाकासारखी गुंडाळत येते. फिरवणं थांबलं तर ओघळते. म्हणून बडोद्याच्या या स्टुडिओत फुंकण्यापेक्षा फिरवणंच जास्त चालतं. बाकावर बसलेल्या काचकलाकार ताई ओल्या वर्तमानपत्राच्या जाड घडीनं गोळा घडवताहेत. कागदाची वाफ होते आणि त्या वाफेवरून काच सरकते. मदतनीस नळीच्या दुसऱ्या टोकाशी.

"फुंक... हळू... बस!"

"ताई, परत तापवू?"

१९६२ साली अमेरिकेत, टोलेडोला, हार्वी लिटलटन आणि डॉमिनिक लॅबिनो यांनी छोट्या भट्टीवर काम करून दाखवलं आणि कारखान्यातली काच कलाकाराच्या स्टुडिओत आली. ताई तंत्र तिथलं वापरतात. त्यांची ओढ मात्र इथल्याच, खेडा जिल्ह्यातल्या कपडवंजची.

कपडवंजचे कारागीर काचेचा मोठा फुगा फुंकत, त्यात वितळलेलं शिसं ओतून फिरवत आणि आतली बाजू चकाकली की फुगा फोडून तुकडे कापत. भरतकामातले आरसे ते हेच! गोलाचा तुकडा, म्हणून प्रत्येकाला किंचित फुगवटा. तो उजेड चहूकडे पसरवतो. सपाट आरशाला हे कधीच जमणार नाही.

ताई फुगा फोडत नाहीत. शिशाची वाफ विषारी, म्हणून पात्र निवल्यावर आतून चांदीचा रासायनिक मुलामा देतात. समोर उभं राहिलं की अख्खी खोली त्या पोटात वाकून दिसते.

लक्ष्मी विलास राजवाड्यातल्या दरबार हॉलच्या बेल्जियन रंगीत काचांचं नाव सगळेच घेतात. ताईंच्या कामात त्या रंगांपुरत्याच आहेत. त्याहून खोल ठसा इथल्या कलाशाखेत पूर्वी शिकवलेले चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांचा. ते काचेच्या मागूनही चित्रं रंगवत. असं रंगवताना बारकावे आधी आणि पार्श्वभूमी शेवटी येते. ताईही रंगाची पूड पहिल्या थरावर घेतात, वर पारदर्शक काच चढवतात. आधी केलेलं कायमचं आत जातं, त्याला नंतर हात लावता येत नाही.

तयार पात्र लगेच ५०० अंशांच्या पेटीत जातं आणि रात्रभर सावकाश निवतं. घाई केली तर बाहेरची बाजू आधी आकसते आणि ताणानं तडा जातो. जाड काचेला वेळ आणखी लागतो. सध्या त्यांची खटपट मोठ्या पण पातळ फुग्यासाठी आहे, कारण भिंत जाड राहिली की प्रतिबिंब दुहेरी दिसतं.