आंत्वानची सोळा कलमं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतून कुणी आलं की खाऊच्या पिशवीत कधी कधी एक लांबट, तपकिरी मगज निघतो. दिसायला अक्रोडासारखा, पण अक्रोडाची तुरट चव त्याला जवळजवळ नाही. हा पेकन, अक्रोडाच्याच कुळातला. आज त्याच्या झाडाबद्दल बोलायचं आहे, आणि त्या निमित्तानं एका माळ्याबद्दलही.

पेकनचं माहेर म्हणजे मिसिसिपी नदीचं खोरं, टेक्सासमधल्या नद्यांचे काठ आणि मेक्सिकोचा उत्तर भाग. नाव तिथल्याच मूलनिवासी भाषांमधलं. फोडायला दगड लागतो ते फळ, असा त्याचा अर्थ. काबेसा दे वाका नावाचा स्पॅनिश प्रवासी 1530 च्या दशकात टेक्सासच्या किनाऱ्यावर अडकून पडला होता. तिथले लोक वर्षातले दोन महिने निव्वळ या फळांवर काढतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. झाड एका वर्षी धरतं आणि दुसऱ्या वर्षी धरत नाही, हेही त्यानं टिपलं. आपल्या हापूसच्या आड वर्षासारखंच हे! कोकणातल्या बागायतदाराला ते निराळं समजावून सांगायला नको.

आंब्याशी त्याचं आणखीही एक साम्य आहे. पेकनचं परागण वाऱ्यावर होतं. एकाच झाडावरचे नर फुलांचे तुरे आणि मादी फुलं बहुधा वेगवेगळ्या वेळी तयार होतात, म्हणून पराग बरेचदा शेजारच्या दुसऱ्या झाडाचा लागतो. मग बी पेरून आलेलं रोप आईसारखं निघेल याचा भरवसा नाही. रायवळ आंब्याचं जसं, तसंच. एखादं झाड मोठ्या, पातळ कवचाच्या फळांचं निघतं, पण त्याचीच फळं पेरली तर पुढची झाडं कशीही निघतात, आणि तेही कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर कळतं. उपाय एकच, कलम. पण पेकनची कलम सहजी जीव धरत नाही.

लुईझियानात मिसिसिपीच्या काठी असं एक उत्तम झाड होतं. कोलोंब नावाच्या एका डॉक्टरनं त्याच्या कलमा करून पाहिल्या, पण त्या साधल्या नाहीत. मग त्यानं काड्या पलीकडच्या काठावर, आज ओक अ‍ॅली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उसाच्या मळ्यावर दिल्या. तिथला माळी आंत्वान. 1846-47 च्या हिवाळ्यात त्यानं सोळा झाडांवर त्या काड्या बांधल्या, आणि त्या जगल्या. कलमी पेकनची ही पहिली यशस्वी नोंद. पुढे त्यानं आणखी 110 झाडं केली.

आंत्वान गुलाम होता. मळ्याचा मालक 1848 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी झाली. त्या यादीत आंत्वानचं नाव आहे: वय 38, माळी, पेकनच्या कलमा बांधण्यात तरबेज, किंमत 1000 डॉलर. आडनाव नाही. ती ओळ मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला पुढे वाचवेना. कारागिराची पारख करणारे शब्द आणि माणसाला लावलेली किंमत, दोन्ही एकाच ओळीत. ज्या हातांना ही कला अवगत होती, ते हातही दुसऱ्याच्या मालकीचे!

1876 मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे या झाडांची फळं मांडली गेली, वाखाणली गेली, आणि वाणाला नाव पडलं 'सेंटेनिअल', म्हणजे शताब्दी. फळं मांडणारा होता मळ्याचा त्या वेळचा मालक.

नंतर उसाला जागा हवी म्हणून आंत्वानची बरीच झाडं तोडली गेली. पण कलमेची वाट सापडली होती. नंतर टेक्सास आणि जॉर्जियात निवडक वाणांच्या कलमी बागा उभ्या राहिल्या. टेक्सासनं तर 1919 मध्ये पेकनला राज्यवृक्ष केलं.

यंदा तुमच्याकडे पेकन आला, तर एक मगज तळहातावर घेऊन पाहा. दोन फाकांपैकी एक अख्खी, न मोडता निघालेली दिसेल. कठीण कवचाच्या रानटी फळातून अशी फाक काढणं फार जिकिरीचं. ती अशी सुबक निघते ती पातळ कवचाच्या वाणामुळे, आणि तो वाण झाडागणिक तसाच उतरतो तो कलमेमुळे.

नमस्कार.