पंचवीसचं बंडल

मंडळी, दारुड्या बापाची गोष्ट सांगितली की लोक हळहळतात. आई प्यायची म्हटलं की सभागृहात खुर्च्या वाजतात. आत्ता वाजल्या बघा.

माझे वडील इथंच, सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते. पगाराच्या दिवशी हातभट्टी मारून यायचे. त्यात लपवाछपवी नव्हती. सायकल भिंतीला आदळली की अख्ख्या गल्लीला कळायचं. आई विड्या वळायची आणि शिंदी प्यायची. तिची बाटली भिजवलेल्या पानांवरच्या ओल्या गोणपाटाखाली असायची. शिंदी दिवसभर आंबत जाते, सकाळची गोड ती संध्याकाळी चढते. दुपारची आई आणि दिवेलागणीनंतरची आई या मला दोन वेगळ्या बायका वाटायच्या.

हजार विड्या म्हणजे पंचवीसची चाळीस बंडलं. आई प्यायली की एखाद्या बंडलात तेवीस भरायच्या, एखाद्यात सव्वीस. कारखान्यात मोजणी चुकली, वळण सैल निघालं की माल छाट, मजुरीला कात्री, आणि रात्री घरात भांडण. म्हणून ती झोपली की मी, सात वर्षांचा, चिमणीच्या उजेडात बंडलं सोडायचो, मोजायचो, पुन्हा दोरा बांधायचो. विडीचं तोंड उघडू नये म्हणून श्वास धरून. अजूनही तंबाखूचा वास आला की ओठ आपोआप एक, दोन, तीन म्हणायला लागतात.

पुढं बँकेत रोखपाल झालो. कॅश कधी कमी भरली नाही म्हणून निवृत्तीला माझं कौतुक झालं. डॉक्टरांनी मात्र विचारलं, रात्री उठून दाराची कडी किती वेळा बघता?

1998 साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली; फेलिट्टी आणि आंदा या डॉक्टरांनी तीत साडेनऊ हजारांवर माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. घरात कुणी दारूच्या आहारी गेलं होतं का, हाही त्यात एक प्रश्न होता. अशा गोष्टी जितक्या जास्त घडलेल्या, तितकी मोठेपणी व्यसनाची, नैराश्याची, अगदी हृदयविकाराचीही शक्यता जास्त दिसली. हे वाचून मला बरं वाटलं, का ते विचारू नका. आणखी एक गंमत: पिणाऱ्यांसाठी ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ 1935 साली निघालं, घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ 1951 साली, किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ 1957 साली. पोरांचा नंबर नेहमीसारखा शेवटी.

गेल्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, ताई आली होती. होम मैदानावरून परतताना मी तिला हा मोजणीचा किस्सा सांगितला. ती थांबलीच. म्हणाली, ‘चोरून कुठलं रे? आईच द्यायची तुझ्याकडं. पोरगं हिशेबात पक्कं व्हावं म्हणून मुद्दाम एखादं बंडल कमी बांधायची. तू पकडलंस की खुदकन हसायची.’

‘आणि बाटली?’

‘बाटली होतीच की.’

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला खोटं बोलायची सवय नाही, मलाही नाही. त्या रात्री डोळे मिटून आईचं हसणं आठवायला बसलो. नुसते हात दिसले, पिवळी बोटं, नखात अडकलेला जर्दा. सकाळी ताईला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, ‘पुढचा एक दात अर्धा तुटला होता बघ तिचा. हसली की दिसायचा.’

दात आठवला.